तांत्रिक मॅन्युअलमधले ‘आकृती अमुक पाहा’ आपोआप कसे सांभाळता?

झडपवाली

नमस्कार मंडळी,

औद्योगिक झडपा बनवणाऱ्या एका कंपनीत मी मॅन्युअलं लिहिते. बसवणी, देखभाल, दुरुस्ती, सगळंच. एकेक मॅन्युअल दोन-अडीचशे पानांचं, सगळी वर्डमध्ये, आणि माझ्या आधीच्या मंडळींनी ‘आकृती ४.७ पाहा’, ‘तक्ता ६.२ प्रमाणे’ हे सगळं हाताने टंकून ठेवलेलं.

आता डिझाइनवाल्यांनी चौथ्या प्रकरणात मध्येच ग्लँड पॅकिंगचा नवा छेद घुसवलाय. ४.३ च्या पुढचं सगळं एकाने सरकलं. फाइंड-रिप्लेस करायचं तर शेवटून सुरुवात करावी लागते, कारण आधी ४.७ चं ४.८ केलं की पुढच्या फेरीत तेच ४.८ पुन्हा ४.९ होतं. मागे एका ट्रेनीने ‘रिप्लेस ऑल’ मारलं, तर ४.७ बारचा चाचणी-दाबसुद्धा ४.८ बार होऊन बसला. छपाईआधी कुणाच्या तरी नजरेस पडलं म्हणून वाचलो.

तर जाणकारांनी प्रकाश टाकावा. वर्डची स्वतःची सोय भरवशाची आहे का? की लाटेककडे (साध्या मजकुरात खुणा लिहून पानं मांडणारं सॉफ्टवेअर) किंवा आणखी कशाकडे वळावं? आणि पुढच्या वर्षी कारखान्यातल्या लोकांसाठी मराठी आवृत्ती काढायची आहे. ‘आकृती’, ‘तक्ता’ आणि देवनागरी आकडे, हे आपोआप जमतं का?

निर्विकार

कंट्रोल-ए, एफ-९. धागा संपला.

खडूस_काका

निर्विकार, इतक्यात संपवू नका. कंट्रोल-ए ने फक्त मुख्य मजकूर निवडला जातो, म्हणून एफ-९ त्यातलीच फील्डं (वर्ड स्वतः भरतं ते क्रमांक वगैरे) ताजी करतं. हेडर, फूटर आणि टेक्स्ट बॉक्समधली फील्डं तशीच राहतात. आणि मॅन्युअलवाले आकृतीचं कॅप्शन हमखास टेक्स्ट बॉक्समध्येच टाकतात!

झडपवाली ताई, वर्डची सोय वाईट नाही, पण ती आतून कशी चालते ते कळल्याशिवाय वापरू नका. ‘इन्सर्ट कॅप्शन’ने कॅप्शन टाकलं की क्रमांकाच्या जागी एक मोजणारं फील्ड बसतं. मग तुम्ही ‘क्रॉस-रेफरन्स’मधून ती आकृती निवडता, तेव्हा वर्ड त्या कॅप्शनभोवती गुपचूप एक लपलेला बुकमार्क घालतो आणि तुमच्या वाक्यात त्या बुकमार्ककडे बोट दाखवणारं दुसरं फील्ड टाकतो. म्हणजे संदर्भ आकृतीशी बांधलेला नसतो, त्या न दिसणाऱ्या बुकमार्कशी बांधलेला असतो. कुणी ‘कॅप्शन नीट दिसत नाही’ म्हणून अख्खी ओळ पुसून नव्याने टंकली, की बुकमार्क गेला. त्या क्षणी काहीच दिसत नाही. पुढे कधीतरी फील्डं ताजी झाली की ठळक अक्षरांत ‘एरर! रेफरन्स सोर्स नॉट फाउंड’. आणि फील्डं ताजी होतात बहुधा छापताना, म्हणजे तुम्ही पीडीएफ काढून चहाला गेल्यावर.

ट्रॅक चेंजेस चालू असेल तर आणखी मजा. खोडलेलं कॅप्शन ‘ॲक्सेप्ट’ होईपर्यंत मोजणीत धरलं जातं. रिव्ह्यूला पाठवलेल्या प्रतीतले क्रमांक म्हणून विचित्र दिसतात आणि रिव्ह्यूवाला ते हाताने ‘दुरुस्त’ करतो. तिथून सगळा खेळ बिघडतो.

ऑल्ट-एफ-९ दाबून फील्डांची आतली रूपं बघायची सवय लावा. जिथे ‘आकृती ४.७’ तसंच साधं दिसतं, ते कुणीतरी हाताने टंकलेलं. तो तुमचा चोर.

चिंचपोकळी_लोकल

संदर्भासाठी माझा खालचा प्रतिसाद पाहावा.

चिंचपोकळी_लोकल

संदर्भासाठी माझा वरचा प्रतिसाद पाहावा.

मोरपंखी

😂 वरच्या प्रतिसादाशी सहमत.

निर्विकार

कुठल्या वरच्या?

ट्युबिंगनकर

थोडं लांबण लावतो, हलकं घ्या.

लाटेकमध्ये मूळ कल्पनाच वेगळी आहे. आकृतीला तुम्ही स्वतः एक नाव देता, समजा ‘आ:ग्लँड-छेद’. हे लेबल. वाक्यात क्रमांक लिहायचाच नाही, त्या नावाला हाक मारायची. क्रमांक काय पडेल ही मशीनची डोकेदुखी. वर्डमध्येही बुकमार्क असतोच, पण तो लपलेला आणि त्याचं नाव म्हणजे नुसते आकडे. इथे नाव तुमच्या डोळ्यांसमोर असतं आणि कॅप्शन शंभरदा बदललं तरी त्याला धक्का लागत नाही.

पहिल्यांदा चालवलं की लाटेक प्रत्येक लेबलाचा क्रमांक आणि पान एका सहाय्यक फाइलीत, ऑक्स फाइलीत, लिहून ठेवतं. संदर्भांच्या जागी मात्र ठळक ?? दिसतं, कारण पुढे येणारी आकृती अजून त्याला माहीतच नाही. दुसऱ्यांदा चालवलं की ती फाइल वाचून आकडे भरतं. क्रमांक बदलले असतील तर लॉगमध्ये ‘पुन्हा चालवा’ म्हणून सांगतं. लाटेकएमके नावाची स्क्रिप्ट हे आपोआप हवं तितक्या वेळा करते, त्यामुळे हल्ली कुणी मोजत बसत नाही.

दोन खड्डे सांगून ठेवतो. पहिला: आकृतीत लेबल नेहमी कॅप्शनच्या नंतर. क्रमांक कॅप्शनपाशी वाढतो. लेबल आधी टाकलंत तर ते मागच्या विभागाचा क्रमांक उचलतं. आणि इथे ?? येत नाही, इशारा येत नाही, छान ‘आकृती ४.२’ छापून येतं आणि वाचक भलतीकडे जातो. दुसरा: क्लेव्हररेफ हे क्रमांकाआधी ‘आकृती’ हा शब्द आपोआप घालणारं पॅकेज, दुवे बनवणाऱ्या हायपररेफच्या नंतर लोड करायचं. उलट केलंत तर अर्धा दिवस गेलाच समजा.

मोरपंखी

ट्युबिंगनकर, पीएचडी करणाऱ्याला हे ठीक आहे हो. झडपवालीच्या टीममध्ये मेकॅनिकल डिप्लोमावाले असणार, ते डिझाइन बदललं की वर्ड उघडून दोन ओळी घालतात. त्यांना लाटेक कोण शिकवणार? माझ्या आधीच्या ठिकाणी एकाने हौसेने सगळं लाटेकमध्ये नेलं. तो गेला, आणि त्याच्या मागे टेम्पलेटला हात लावायची कुणाची छाती होईना. शेवटी पीडीएफ वर्डमध्ये उघडून त्यातच बदल करायला लागले.

ट्युबिंगनकर

पीडीएफ वर्डमध्ये... बसलोच मी. 🙏

पण मुद्दा मान्य. टीम छोटी असेल तर टिप्स्ट हे लाटेकसारखंच नवं सॉफ्टवेअर बघा. २०२३ पासून मुक्तस्रोत आहे, लिहायला लाटेकपेक्षा पुष्कळ सोपं, आणि ‘पुन्हा चालवा’ची कटकट नाही. लेबल टोकदार कंसात, संदर्भ ॲटच्या चिन्हाने. दस्तऐवज स्थिरावेपर्यंत तेच आतल्या आत फेऱ्या मारतं, मात्र पाचपर्यंतच. तरीही जमलं नाही तर मांडणी स्थिरावली नाही असा इशारा देऊन मोकळं होतं.

सिमेंटसिंह

मांडणी स्थिरावत नाही म्हणजे काय? आकडे एकदा पडले की पडले ना?

ट्युबिंगनकर

नाही ना! ही माझी आवडती गंमत. लाटेकमध्ये व्हॅरिओरेफ पॅकेज आहे, ते नुसता क्रमांक देत नाही, ‘पुढील पानावर’ असंही जोडतं. आता समजा आकृती पुढच्या पानावर आहे, म्हणून वाक्यात ‘पुढील पानावर’ आलं. त्या दोन शब्दांनी परिच्छेद एक ओळ लांबला आणि परिच्छेदच पुढच्या पानावर ढकलला गेला. आता आकृती त्याच पानावर! म्हणून ‘पुढील पानावर’ गळालं, परिच्छेद आखडला आणि पुन्हा मागच्या पानावर आला. आता आकृती परत पुढच्या पानावर. कितीही वेळा चालवा, लाटेक दर वेळी म्हणणार ‘पुन्हा चालवा’. यावर उपाय एकच, माणसाने त्या वाक्यात एक शब्द कमीजास्त करायचा.

चिंचपोकळी_लोकल

आमच्या सोसायटीची मीटिंग अशीच चालते. ठराव क्रमांक बदलला म्हणून पुन्हा मतदान.

सिमेंटसिंह

रच्याकने, तुम्ही सगळे दस्तऐवजाच्या आतल्या संदर्भांबद्दल बोलताय. आम्हा स्ट्रक्चरलवाल्यांचं दुखणं बाहेरचं आहे. डिझाइन रिपोर्टमध्ये ‘आयएस ४५६ मधील कलम २६.५.१.१’ लिहितो (आयएस ४५६ म्हणजे काँक्रीटचं भारतीय मानक, आमच्या भाषेत कोड), ते कुठलं लेबल सांभाळणार?

एसपी १६ ही डिझाइनची तक्त्या-आलेखांची पुस्तिका घ्या. १९८० ची. ती बेतलेली आहे आयएस ४५६ च्या १९७८ च्या आवृत्तीवर. तिच्यात वाकणाऱ्या घटकांच्या गृहीतकांसाठी कलम ३७.१ पाहा म्हणून लिहिलंय. आजचं आयएस ४५६ : २००० उघडा, तीच गृहीतकं ३८.१ मध्ये आहेत. नवखा पोरगा ३७.१ उघडून डोकं खाजवत बसतो. पुस्तिका अजून वापरात आहे आणि तिचे संदर्भ जुन्या कोडाकडे बोट दाखवतायत.

म्हणून आमच्या ऑफिसात नियम आहे की बाह्य कोडाचा उल्लेख वर्षासकटच करायचा, ‘आयएस ४५६ : २०००, तक्ता १९’ असा. वर्ष न लिहिलेला संदर्भ चेकिंगमध्ये परत येतो. ही यादी एका एक्सेलमध्ये, कोडाची नवी आवृत्ती आली की तिथून कळतं कुठकुठलं पान उघडायचं. ऑटोमेशन वगैरे काही नाही, पण चालतं.

वकीलीणबाई

सिमेंटसिंह, आमच्याकडे या आजारावर दीडशे वर्षांचं औषध आहे: क्रमांक बदलायचेच नाहीत!

१९८३ साली भारतीय दंड संहितेत ४९८ नंतर नवं कलम घालायचं होतं. ४९९ चं ५०० आणि ५०० चं ५०१ करत बसले नाहीत, सरळ ४९८-अ केलं. कारण देशभरातले निकाल, आरोपपत्रं, पुस्तकं सगळी जुन्या क्रमांकांवर उभी. कलम रद्द झालं तरी क्रमांक रिकामा ठेवतात, दुसऱ्याला देत नाहीत.

अर्थात १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि सगळेच क्रमांक एका दमात बदलले. ३०२ चं १०३, आणि ४२० चं ३१८ (४). पण त्यासाठीही सोय आधीच होती. जनरल क्लॉजेस ॲक्ट, १८९७ च्या कलम ८ नुसार, एखादा कायदा रद्द होऊन नव्याने केला गेला, तर इतर कायद्यांत जुन्या तरतुदीचा उल्लेख असेल तिथे नव्या तरतुदीचा उल्लेख आहे असं धरायचं. संगणकवाल्यांच्या भाषेत रिडायरेक्ट. १८९७ साली!

चिंचपोकळी_लोकल

म्हणजे आता कुणाला ‘चारसोबीस’ म्हणायची सोय राहिली नाही? ‘अरे तो एक नंबरचा तीनशे अठरा उपकलम चार आहे’ — मजा नाही राव.

निर्विकार

कलम ८ लावा. जुनी शिवी म्हणजे नवी शिवी असं धरायचं.

वकीलीणबाई

हे मात्र युक्तिवादात वापरणार. 😄

नट_बोल्ट

धागा वाचतोय, आता बोलल्याशिवाय राहवत नाही. मी लिहिणारा नाही, फील्ड सर्व्हिसवाला आहे. तुम्ही लोक ऑफिसात बसून क्रमांक सरकवता, आमच्या डोक्याला ताप होतो.

साइटवरून फोन येतो, ‘साहेब, गळती थांबत नाही’. मी माझ्या लॅपटॉपवरची नवी प्रत उघडून सांगतो, ‘आकृती ४.८ काढा, तिथे पॅकिंग रिंगांचा क्रम दिलाय’. त्याच्याकडे पंपहाउसच्या कपाटात तेलाचे डाग पडलेली जुनी छापील प्रत. त्याच्या ४.८ मध्ये ॲक्चुएटरचं वायरिंग! दहा मिनिटं आम्ही दोघं वेगवेगळ्या आकृत्यांबद्दल बोलत होतो. तुमचं ऑटोमेशन जितकं झकास, तितके क्रमांक बिनधास्त सरकणार. मला वकीलीणबाईंचंच पटतं. ४.३-अ करा ना, काय बिघडतं?

मोरपंखी

हा मुद्दा भारी आहे, याचा कुणी विचारच केला नव्हता.

ट्युबिंगनकर

मला ४.३-अ, मग ४.३-अ-१ नको वाटतं. दहा वर्षांनी ते मॅन्युअल दंड संहितेसारखंच दिसेल. पण नट_बोल्ट म्हणतात ते खरं आहे, आणि माझ्या मते इथे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात. वाचक वाचता वाचता ज्याच्याकडे जातो, ते आकृती क्रमांक, पान क्रमांक, विभाग, हे त्या आवृत्तीपुरतेच खरे. ते मशीनला सरकवू द्या. पण ज्या गोष्टीचं नाव माणूस मॅन्युअलच्या बाहेर घेतो, फोनवर, व्हॉट्सॲपवर, तक्रार-फॉर्ममध्ये, तिला कायमचा सांकेतिक क्रमांक हवा. बिघाडाचे कोड, सुट्या भागांचे क्रमांक, दुरुस्तीच्या कृती. ते कधी सरकवायचे नाहीत, रद्द झाले तर रिकामे ठेवायचे.

खडूस_काका

अनुमोदन. जुन्या चांगल्या ड्रॉइंग ऑफिसांत प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात स्वतःचा क्रमांक आणि रिव्हिजन असायची. तोच आकृतीखाली बारीक अक्षरात छापा. नट_बोल्ट फोनवर तो विचारेल, त्याला आकृती क्रमांकाशी देणंघेणं राहणार नाही.

नट_बोल्ट

हे चालेल. फक्त इतक्या बारीक नको, पंपहाउसमध्ये चाळिशीवालेच असतात.

अनुस्वार

मराठी आवृत्तीबद्दल कुणी बोललंच नाही, आणि खरी अडचण तिथे आहे. (मी तांत्रिक भाषांतरं तपासते.)

इंग्रजीत संदर्भ वाक्यात कुठेही बसतो. मराठीत विभक्ती लागते. मशीन ‘तक्ता ५’ एवढा तुकडा देतं, तुम्हाला वाक्यात हवं ‘तक्त्यात’ किंवा ‘तक्त्यावरून’. ‘तक्ता ५त’ असलं काहीतरी छापून आलेलं मी प्रत्यक्ष पाहिलंय. क्लेव्हररेफमध्ये एकवचन-अनेकवचन देता येतं, सामान्यरूप नाही.

यातून दोन वाटा निघतात. एक म्हणजे तुकड्यातच ‘क्र.’ घालायचं: ‘तक्ता क्र. ५ मध्ये’, ‘तक्ता क्र. ३ ते ५ वरून’. शब्दाचं रूप हलत नाही आणि सरकारी वाटलं तरी खटकत नाही. दुसरी मला जास्त आवडते: संदर्भ वाक्याच्या व्याकरणातून बाहेरच काढायचा. ‘पॅकिंग रिंगांचे काप एकमेकांसमोर येऊ देऊ नका (आकृती ४.४).’ कंसात टाकलं की प्रत्ययाचा प्रश्नच उरला नाही, आणि कामगाराला सूचना आधी मिळते, आकृती नंतर. ‘आकृती ४.४ मध्ये दाखवल्याप्रमाणे’ने सुरू होणारी वाक्यं मी लाल पेनाने कापते.

क्लेव्हररेफला मराठी येत नाही, नावं आपणच सांगायची. ‘आणि’, ‘ते’ हे जोडशब्दही सांगायला विसरू नका, नाहीतर ‘आकृती ३ टू ५’.

ट्युबिंगनकर

अनुस्वार, दंडवत. भर घालतो. झीलाटेक किंवा लुआलाटेक (युनिकोड चालणारे लाटेकचे अवतार) घ्या, पॉलिग्लॉसिया या भाषांच्या पॅकेजात मराठी निवडली की देवनागरी आकड्यांचा पर्याय आहे. लेबलांची नावंही देवनागरीत चालतात.

खडूस_काका

जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टांचा एक फायदा आठवला. त्यांतल्या काही फॉन्टांत आतला कोड इंग्रजी आकड्याचाच, फक्त दिसायला देवनागरी. त्यामुळे वर्डचा आपोआप पडलेला क्रमांक तसल्या फॉन्टात टाकला की फुकटात देवनागरी! बाकी शोधता येत नाही, कॉपी केलं की कचरा. पण तेवढं सुख होतं.

मोरपंखी

झडपवाली, तुमच्या मूळ प्रश्नावर येते. आम्ही शेवटी स्फिंक्स या दस्तऐवज बनवणाऱ्या सॉफ्टवेअरवर गेलो. साध्या टेक्स्ट फाइली, त्यामुळे डिप्लोमावाल्या मुलांना अडचण आली नाही, आणि कुणी काय बदललं ते ओळीओळीने दिसतं. आकृत्यांचे क्रमांक मुळात बंद असतात, ‘नमफिग’ चालू करावं लागतं. मग प्रकरणवार ४.७ असेच पडतात आणि ‘आकृती’ हा शब्दही तिथेच ठरवता येतो. आस्कीडॉकही पाहिलं होतं, पण त्यात आकृत्या पूर्ण पुस्तकात सलग मोजल्या जातात, प्रकरणवार क्रमांक सरळ मिळत नाहीत. तुम्हाला ते अडेल.

साधन कुठलंही घ्या, पण तुटका संदर्भ असेल तर पीडीएफ तयारच होता कामा नये. लाटेक मुळात नुसता इशारा देऊन ?? सकट पीडीएफ हातात ठेवतं. लाटेकएमकेला तो इशारा चूक धरायला सांगता येतं, स्फिंक्सलाही. वर्डमध्ये निदान एवढं करा, की पाठवण्याआधी पीडीएफमध्ये ‘एरर!’ शोधायचं.

ट्युबिंगनकर

आणि जे ?? देत नाही, फक्त चुकीच्या ठिकाणी पाठवतं, त्याला कुठलंही मशीन पकडत नाही. त्यासाठी एकाने पीडीएफमधल्या प्रत्येक दुव्यावर टिचकी मारत जायचं. कंटाळवाणं आहे, पण सुरक्षा सूचनांच्या प्रकरणापुरतं तरी कराच.

झडपवाली

मंडळी, केवढं दिलंत! धागा ऑफिसात दाखवला.

सध्या ठरलंय ते असं. चालू इंग्रजी मॅन्युअलं वर्डमध्येच राहतील, पण काकांच्या ऑल्ट-एफ-९ ने चोर शोधून एकेक फील्ड बसवणार. चौथ्या प्रकरणात सुरुवात केली, पानोपानी हाताने टंकलेले क्रमांक सापडतायत. आणि एका ठिकाणी ‘आकृती ४.१२ पाहा’, जी आकृती मुळात कुठल्याच आवृत्तीत नाही!! मराठी आवृत्ती मात्र कोऱ्या पाटीवर, स्फिंक्समध्ये, संदर्भ कंसात. बिघाडाच्या कोडांना कायमचे क्रमांक द्यायला सर्व्हिस विभाग एका पायावर तयार आहे. नट_बोल्ट, तुमचं नाव न घेता तुमचा किस्सा सांगितला, तिघांनी ‘हे माझ्याबाबतीत झालंय’ म्हटलं.

एक राहिलं. सुट्या भागांचं मॅन्युअल वेगळं पुस्तक आहे आणि देखभालीच्या मॅन्युअलमधून त्याच्या पानांचे संदर्भ आहेत. ते कसे बांधायचे?

ट्युबिंगनकर

लाटेकमध्ये एक्सआर पॅकेज दुसऱ्या पुस्तकाची ऑक्स फाइल वाचतं. स्फिंक्समध्ये इंटरस्फिंक्स, पण ते वेब-दुव्यांसाठी, छापील पान क्रमांक देणार नाही.

खडूस_काका

पान क्रमांक देऊच नका. दोन्ही पुस्तकं एकाच दिवशी छापून येत नाहीत. पुस्तकाचा दस्तऐवज-क्रमांक, आवृत्ती आणि सुट्या भागाचा क्रमांक, एवढंच लिहा. भाग शोधायला मागे भाग-क्रमांकांची सूची असतेच.

सिमेंटसिंह

आणि ती यादी एक्सेलमध्ये ठेवा. हसू नका, चालतं.